खल स्वयंपाकासाठी नाही

डॉ. नंदा ओव्हाळ यांनी आयुष्याची तीस वर्षं मटकीवर काढली. हे वाक्य पुण्यात कुणालाही ऐकवा, पुढचा प्रश्न ठरलेला: "मिसळीचं दुकान कुठे आहे म्हणालात?" परक्यांचं सोडा, सख्खा धाकटा भाऊ संजयसुद्धा खडकीच्या घरी पाहुण्यांना सांगायचा, "ताई मोठी शास्त्रज्ञ. उसळ गॅसवर चढेपर्यंतचं सगळं तिला माहीत. पुढचं विचारू नका." नंदाबाईंना यावर हसू येत नसे. विनोद कळायचा हो, पण एकच विनोद तीस वर्षं ऐकला की माणूस त्याला हसत नाही, तो कधी संपतो याची वाट बघतो.

वास्तविक बाईंचं काम समजायला फार अवघड नव्हतं, फक्त ऐकून घेणारा मिळायला हवा. मटकीला मोड येतात तेव्हा दाण्यातलं एक प्रथिन कामाला लागतं. अशा कामकरी प्रथिनाला एन्झाइम म्हणायचं. हे एन्झाइम दाण्यातल्या पोट फुगवणाऱ्या साखरेचे तुकडे पाडतं, म्हणून मोडाची उसळ पोटाला हलकी. एवढं कुठल्याही सुगरणीला ठाऊक असतं. पण ते तुकडे पाडतं कसं, त्याचा जबडा कुठे आणि दात कुठे, हे जगात कुणी पाहिलं नव्हतं. पाहायचं तर ते एन्झाइम शुद्ध करून त्याचे स्फटिक जमवावे लागतात. खडीसाखरेसारखेच, फक्त मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान. जमले तर त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि गणित करून आकार काढायचा. नाही जमले तर घरी जायचं. बहुतेक लोक घरी जातात.

नंदाबाईंचे जमले. अठ्ठ्याण्णव साली, एका गुरुवारी, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कोपरे दिसले, चांगले धारदार. दोन वर्षांनी जर्नलमध्ये लेख छापून आला. मटकीतल्या त्या एन्झाइमचा आकार जगाने पहिल्यांदा बघितला, तो एका पुणेकरणीच्या हातून. पुढची बढती, विद्यार्थी, परदेशातली व्याख्यानं, कोथरूडच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायचा मान, सगळं त्या एका चित्रावर उभं होतं.

संस्थेत मात्र कौतुकाला नेहमी एक शेपूट असायचं. "बाईंचा हातगुण आहे." नंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. वडील, आबा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस. काडतूस हातात घ्यायचं, मापायचं, पास नाहीतर नापास. नंदा सात वर्षांची असताना तिला गालगुंड झालं आणि क्वार्टर्समधल्या बायका म्हणाल्या की अमक्याकडे न्या, त्याच्या हाताला गुण आहे. आबांनी तिला सायकलवर बसवून सरळ दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाले, "बेटा, हातगुण म्हणजे काय सांगू? ज्याचं कारण शोधायचा आपण कंटाळा केला, ते." पोरीने ते वाक्य गाठीला बांधलं आणि त्याच्याच जोरावर शास्त्रज्ञ झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. या वर्षीच्या एप्रिलात, निवृत्तीला पुरते चार महिनेही उरले नसताना, जर्नलच्या संपादकांची मेल आली. नेदरलँड्समधला एक गट चार वर्षं तुमच्या कृतीने स्फटिक करायचा प्रयत्न करतोय. जमत नाहीत. आणखी दोन प्रयोगशाळांनाही जमले नाहीत. शिवाय हल्ली संगणकच प्रथिनाचा आकार सांगतो, आणि संगणकाच्या चित्रात या एन्झाइमला लांब शेपूट आहे. तुमच्या चित्रात ते दिसत नाही. मूळ क्ष-किरणांची नोंद पाठवा किंवा नव्याने स्फटिक करून दाखवा. नव्वद दिवस. नाहीतर तुमचा लेख संशयास्पद आहे अशी टीप आम्हाला छापावी लागेल.

बाईंनी मेल तीनदा वाचली. मूळ नोंद जुन्या टेपवर होती. नव्या इमारतीत सामान हलवलं तेव्हा त्या टेपना बुरशी लागली, आणि आता त्या वाचणारं यंत्रही उरलं नव्हतं. जुने स्फटिक कधीच विरघळून गेले होते. उरले होते फोटो. फोटो काय, मिठाच्या खड्याचाही निघतो! आबांच्या पोरीकडे पुरावा नव्हता.

"मॅम, डोन्ट पॅनिक," स्पृहा म्हणाली. स्पृहा त्यांची शेवटची विद्यार्थिनी, पीएचडीचं पाचवं वर्ष. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच स्फटिकांवर अवलंबून होतं आणि तिचेही दोन वर्षं जमत नव्हते. "आपण तुमची ओरिजिनल कृती जशीच्या तशी फॉलो करू. ॲज इट इज."

केली. मटकी त्याच गावची, मोड तेवढेच, मीठ तेच, तापमान तेच. काचेवर लावलेले एन्झाइमचे थेंब आठवड्याने बघितले तर काही नितळ पाण्यासारखे, काहींत पांढरा साका. पुन्हा केलं. पुन्हा साका. मे संपला. बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. जी गोष्ट आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली ती झालीच नव्हती की काय? तो गुरुवार खरा होता का? का आपण भलत्याच कशाचे स्फटिक बघून नाचलो? तीस वर्षांत बाई एवढ्या गोंधळल्या नव्हत्या.

आणि गोंधळलेलं माणूस काय करतं, तेच बाईंनी केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पृहाच्या लक्षात आलं की मॅम थेंब लावायला गुरुवारचाच मुहूर्त धरतायत. पुढच्या गुरुवारी मॅम एक जुनी, कोपऱ्यांना विरलेली खाकी पर्स घेऊन आल्या.

"मॅम, ही पर्स…"

"अठ्ठ्याण्णव सालची आहे," बाई म्हणाल्या, आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर मट्कन खुर्चीत बसल्या. "स्पृहा, मी काय करतेय गं हे? आबा असते तर मला उभ्या उभ्या नापास केलं असतं."

"ते हातगुण वगैरे म्हणतात, तसं काही नसतं ना मॅम?"

"नसतं!" बाई कडाडल्या. मग आवाज उतरला. "नसतं. पण मग काय होतं, ते मला कळत नाही."

शेवटी त्यांनी जुन्या वह्या काढल्या. पिवळी पानं, बाईंचं टपोरं अक्षर. त्या काळात मटकी दळायला यंत्र नव्हतं. थंड खोलीत बसून चिनी मातीच्या खलात मोडाची मटकी वाटावी लागे. अकरा वेळा मटकी वाटली होती. सात वेळा स्फटिक आले, चार वेळा आले नाहीत. लेखात याबद्दल अर्धी ओळ होती: "कधीकधी येत नाहीत." स्पृहाने अकरा पानं टेबलावर मांडली आणि बोट ठेवून खालपर्यंत गेली.

"मॅम, हे कोपऱ्यात काय लिहिलंय? 'द. शे.'? आणि इथे 'नं. ओ.'?"

"वाटलं कोणी, त्याचं नाव. द. शे. म्हणजे दत्तोबा शेडगे, आमचे अटेंडंट. ते रजेवर असले की मी वाटायचे."

"मॅम…" स्पृहा जरा चाचरली. "ज्या सात वेळा आले, ते सगळे दत्तोबांचे आहेत. तुम्ही वाटलंत त्या चारही वेळा आले नाहीत."

बाईंनी पानं ओढून घेतली. पुन्हा मोजलं. सात आणि चार. अगदी स्वच्छ, त्यांच्याच अक्षरात, सत्तावीस वर्षं तिथेच पडलेलं. तापमान शंभरदा तपासलं होतं, मीठ शंभरदा तपासलं होतं. वाटणाऱ्याचं नाव तपासावं असं एकदाही सुचलं नव्हतं. ज्या बाईला आयुष्यभर लोकांनी कमी लेखलं की राग यायचा, तिनेच हे केलं होतं. बाईंना शरमही वाटली आणि संतापही आला. म्हणजे हातगुण होताच, आणि तोही दुसऱ्याचा?

"गाडी काढ," त्या स्पृहाला म्हणाल्या.

दत्तोबा शेडगे निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. भूगावच्या पुढे त्यांचं घर. साठीच्या बाई स्पृहाच्या स्कूटरवर मागे बसून चांदणी चौकातून निघाल्या, हेल्मेट घालून, पर्स पोटाशी धरून. दत्तोबा ओट्यावर बसले होते. बाईंना पाहून धडपडत उठले.

"म्याडम! आवं, सांगून तरी यायचं. सांगावा धाडला असता तर म्याच आलो नसतो व्हय?"

"बसा दत्तोबा, बसा. तब्येत कशी आहे?"

"हाय की. गुडघं कुरकुरत्यात, बाकी झ्याक." मग आत तोंड करून ओरडले, "अगं, च्या टाक. आपल्या म्याडम आल्यात. आलं जास्त घाल, त्यांना लागतं."

दत्तोबांचा आल्याचा चहा! संस्थेतल्या दुपारी साडेतीनच्या त्या चहासाठी दुसऱ्या मजल्यावरची माणसं काही ना काही निमित्त काढून खाली यायची. बाई स्वतः रोज सांगायच्या, "दत्तोबा, आज आलं कमी पडलं." त्या आठवणीने त्यांना बरं वाटलं आणि आतून ठक ठक असा आवाज आला. दार उघडंच होतं. दत्तोबांची बायको आलं ठेचत होती. चिनी मातीच्या पांढऱ्या खलात, ज्याच्या काठावर निळ्या रंगात संस्थेचा क्रमांक होता.

"हा आपला खल," बाई म्हणाल्या.

दत्तोबांचा चेहरा पडला. "तुमीच दिला व्हता म्याडम. नव्या बिल्डिंगीत जाताना भंगारात चालला व्हता, तुमी म्हनला न्या घरी. म्या चोरून न्हाई आनला."

"अहो, ते आठवतंय मला. मी दुसरंच विचारतेय." बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच चमत्कारिक वाटला. "संस्थेत असताना आलं कशात ठेचायचात?"

"दुसरं भांडं व्हतं की."

"कुठलं?"

आतली ठक ठक थांबली. बाई बघत राहिल्या. तपासनिसाच्या मुलीची नजर ती, दत्तोबांना पंधरा वर्षं ओळखीची.

"ह्यातच," दत्तोबा हळू म्हणाले. "पर धुवायचो म्याडम! नळाखाली धरून, दोनदा. साडेतीनला च्या झाला की चारला तुमची मटकी वाटाया घ्यायचो. आईच्यान, धुवून घ्यायचो."

बाईंना खडकीचं स्वयंपाकघर आठवलं. रविवार, जून बोकडाचं मटण, आणि आई त्याला ठेचलेलं आलं चोळून ठेवतेय. का चोळायचं? मऊ पडतं म्हणून. मऊ का पडतं? आल्यात एक एन्झाइम असतं, ते प्रथिनं कातरतं. हे त्या स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आल्या होत्या.

"स्पृहा, संगणक म्हणतो शेपूट आहे. आपल्या चित्रात नाही."

"हो मॅम."

"आपल्याकडे होतंच नाही. खलाच्या छिद्रांत आलं राहिलं आणि त्याने शेपूट कातरलं. शेपूट वळवळत असलं की रेणू रांगेत उभे राहत नाहीत, स्फटिक होत नाही. कातरलं की राहतात. दत्तोबा नसले की चहा नाही. चहा नाही म्हणून आलं नाही."

"ओ माय गॉड," स्पृहा म्हणाली. यावर दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंही.

दत्तोबांना यातलं एवढंच कळलं की काहीतरी आपल्यामुळे झालंय. त्यांनी हात जोडले. "म्याडम, माझ्यापायी तुमचं वाटुळं झालं का? पेन्शन बंद व्हईल का माझी?"

"अहो, तुम्ही मला हे सांगितलं का नाही कधी? इतक्या वर्षांत?"

"कसं सांगनार? पाटी व्हती की."

पाटी. हे आल्याचं सुरू व्हायच्या आधी, शहाण्णव साली, कुणीतरी खलात खिचडीचे दाणे कुटले होते. तेव्हा बाईंनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून भिंतीवर लावली होती. "खल प्रयोगासाठी आहे. स्वयंपाकासाठी नाही. कारण विचारू नये." बाईंना त्या पाटीचा अभिमान होता. खल गेला तरी पाटी नव्या इमारतीत आली होती आणि रिकाम्या भिंतीवर अजून टांगलेली होती.

"तरी म्या सांगनार व्हतो," दत्तोबा म्हणाले. "निरोपाच्या दिशी. मनात आलं, जाता जाता बोलून मोकळं व्हावं. उठलो बी. म्हनलं, म्याडम, एक सांगायचं व्हतं. तर तुमी म्हनला, दत्तोबा, आता भाषण नको, सामोसं गार व्हत्यात."

बाईंना तो दिवस आठवला. समोसेही आठवले. सोळा वर्षं! चार वर्षं त्या डच लोकांची वाया गेली, दोन वर्षं या पोरीची, आणि उत्तर समोशांच्या प्लेटीपाशी उभं होतं. चहा आला. बाईंनी तो घेतला. अप्रतिम होता आणि त्यांना रडू आलं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आलं तिखट आहे."

पुढचं सगळं हिशेबात बसेल तसं केलं. मंडईतून आलं आणलं, त्याचा रस गाळून अगदी किंचित, पाण्यात हजारपट पातळ करून शुद्ध एन्झाइममध्ये घातला. दुसऱ्या थेंबांत घातला नाही. नवव्या दिवशी, मंगळवारी, स्पृहा किंचाळली. आल्याच्या थेंबांत धारदार कोपरे होते. बिनआल्याच्यांत साका. क्ष-किरणांनी तोच आकार दिला, सत्तावीस वर्षांनंतरही तसाच, दातन्‌दात.

मुदतीला सहा दिवस होते. बाई उत्तर लिहायला बसल्या आणि पुन्हा घोटाळल्या. चित्र खरं ठरलं, म्हणजे आपण बरोबर? पण चित्र शेपूट कातरलेल्या एन्झाइमचं होतं. मटकीत असतं ते शेपटीसकट. म्हणजे पंचवीस वर्षं आपण जे मटकीचं म्हणून दाखवलं ते मटकीचं आणि आल्याचं मिळून होतं. मग चूक? चूक म्हणावी तर ती झाली नसती तर काहीच दिसलं नसतं. आणि हे सगळं केलं कोणी? मी? दत्तोबांनी? साडेतीनच्या चहाने? त्या दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसल्या. उत्तर सापडलं नाही. मग त्यांनी सापडलं होतं तेवढंच लिहिलं: स्फटिक खरे, शेपूट नाही हे खरं, कारण आलं. वाटण्याच्या खलात रोज चहासाठी आलं ठेचलं जात असे, ते प्रमाण माझ्या सांगण्यावरून वाढवलेलं होतं, आणि याची विचारणा मी कधी केली नाही. दत्तोबांचं नाव त्यांनी दत्तोबांना फोन करून, विचारून, आभारात घातलं.

डच गटाने चार दिवसांत उत्तर दिलं. आलं मिळालं, स्फटिकही मिळतील असं दिसतंय, आणि चहाची कृतीही पाठवावी. टीप छापली गेली नाही. दुरुस्ती छापली गेली.

एकतीस जुलैला बाईंचा निरोप समारंभ. दत्तोबा इस्त्रीचा सदरा घालून आले, हातात फडक्यात गुंडाळलेला खल. "ठिवा आता जागेवर," म्हणाले, आणि खल भिंतीजवळच्या टेबलावर, पाटीच्या बरोबर खाली ठेवला.

"म्याडम, येक इचारू? मंग हातगुण व्हता का न्हवता?"

"होता दत्तोबा," बाई म्हणाल्या. "भांडं नीट न धुण्याचा."

दत्तोबा खो खो हसले. स्पृहा खुर्ची घेऊन पाटी उतरवायला निघाली, तर बाईंनी अडवलं. "राहू दे. मार्कर दे इकडे." आणि चष्मा वर सरकवून पाटीच्या खालच्या मोकळ्या जागेत टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "तरीही कुणी ठेचल्यास येऊन सांगावे. रागावणार नाही."

दत्तोबांनी अक्षर लावून लावून वाचलं. मग बाईंकडे बघितलं.

"म्याडम, जाता जाता खोटं कशापायी लिवताय?"

बाईंनी मार्कर पुन्हा उघडला. 'रागावणार नाही' यावर काट मारली आणि वर लिहिलं: "रागावेन, पण ऐकून घेईन."

दत्तोबांनी पुन्हा वाचलं. या वेळी त्यांना हसू आलं नाही.

"हां," ते म्हणाले. "असं असतं तर म्या सांगितलं असतं."